गृहपाठ पुन्हा वहीत आणा: सोलापुरातल्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

मा. मुख्याध्यापक आणि संस्थाचालक,
सर्व माध्यमिक शाळा, सोलापूर.

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि गारमेंटमध्ये शिलाई करणाऱ्यांच्या घरची आहेत. या पत्रात माझी मागणी एकच आहे. गृहपाठ, सूचना, सरावाचे प्रश्न हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकणं थांबवा आणि ते पुन्हा मुलांच्या वहीत आणा. मुलांच्या हातून मोबाईल सुटत नाही, अशी तक्रार आपण प्रत्येक पालकसभेत करता आणि ती खरी आहे. पण रोज संध्याकाळी तो मोबाईल मुलाच्या हातात द्यायला आई-बापाला भाग पाडणारं कारण आज शाळाच पुरवते आहे. ते कारण काढून घेणं फक्त आपल्याला शक्य आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

अशोक चौकापासून विडी घरकुलपर्यंत कुठल्याही गल्लीत संध्याकाळी डोकावून बघा. आई सूप घेऊन बसलेली असते. पानं भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली, त्यामुळे मान वर करायलाही तिला वेळ नसतो. वडील मागावर, आज दिवसपाळी तर पुढच्या आठवड्यात रातपाळी. घरात स्मार्टफोन एक, फार तर दोन. बऱ्याच घरांत बोलणं तेलुगूतून चालतं. आईला मराठी समजतं, बोलताही येतं, पण वाचता येतंच असं नाही. मुलगा मात्र मराठी माध्यमात किंवा सेमी-इंग्रजीत शिकतो.

अशा घरात मुलाने फोन मागितला आणि "शाळेचं आलंय" म्हणाला, की पुढे बोलणं खुंटतं. काय आलंय, किती आलंय, ते वाचायला किती वेळ लागेल, यातलं काहीही ती आई तपासू शकत नाही. नाही म्हणावं तर आपण पोराच्या शिक्षणाच्या आड येतोय असं तिला वाटतं. आपल्यासारखं सूप त्याच्या बायकोच्या, बहिणीच्या हातात येऊ नये म्हणून तर ती त्याला शिकवते आहे. जी बाई कारखान्यात विड्या नापास केल्या तर मुकादमाशी भांडते, ती या दोन शब्दांपुढे गप्प होते. घरात फोनला नाही म्हणायची जी काही ताकद होती, ती अशी निघून गेली.

हा गृहपाठ नेमका कसा उतरवला जातो, ते आपण कधी मुलाच्या शेजारी बसून पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे. आठवीतला मुलगा, फोन आईचा. कव्हरच्या खाचेत तंबाखूची भुकटी, काचेला एका कोपऱ्यात तडा. वर्गाचा ग्रुप उघडला तर शंभरावर न वाचलेले मेसेज. "ओके सर", "ओके मॅडम", जोडलेले हात, अंगठे, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, फीची आठवण, वृक्षारोपणाचे फोटो. त्या गर्दीत कुठेतरी गणिताचा फळा. फोटो तिरका, मधोमध ट्यूबलाइटची चकाकी. मुलाने बोटांनी फोटो मोठा केला आणि पहिलं उदाहरण वहीत लिहिलं. तेवढ्यात वरून मित्राने पाठवलेल्या रीलची पट्टी खाली आली. बोट तिकडे गेलं. मुद्दाम नेलं असं मला वाटलं नाही, ते आपसूक गेलं. ती रील संपली, दुसरी सुरू झाली. भानावर येऊन त्याने पुन्हा फळ्याचा फोटो शोधला, दुसरं उदाहरण लिहिलं. मग क्रिकेटचा स्कोअर. चार उदाहरणं नुसती उतरवायला पाऊण तास गेला, सोडवणं बाकीच होतं. आईने मधेच विचारलं, "अजून झालं नाही व्हय रे?" तो म्हणाला, "अभ्यासच करतोय." आणि तो खोटं बोलत नव्हता.

यात त्या पोराचा दोष किती धरायचा? वहीचं पान संपतं, धडा संपतो, शाळेचा तास संपतो. रील संपत नाही. खाली सरकत राहिलं की पुढचं आपोआप येत राहावं, ही रचना २००६ साली अझा रास्किन या अभियंत्याने केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुढची रील मजेची निघेल की कंटाळवाणी, हे आधी कळत नाही, म्हणूनच बोट थांबत नाही. जुगाराचं यंत्र माणसाला असंच धरून ठेवतं. स्वतःला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी ओलांडावी लागते, आणि आपली मुलं तेरा-चौदा वर्षांची आहेत. मोठमोठ्या कंपन्यांनी लोकांना धरून ठेवण्यासाठीच बनवलेल्या वस्तूच्या पोटात आपण गणिताचा गृहपाठ ठेवतो आणि आठवीतल्या पोराने तेवढाच अलगद काढून घ्यावा अशी अपेक्षा करतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं गेलं होतं. त्यांतल्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. अशा मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काहीतरी फोनवर केलं होतं आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडिया वापरला होता. हे आकडे खेड्यांतले आहेत, पण आमच्या गल्लीत काही वेगळं दिसत नाही. अभ्यासासाठी म्हणून फोन घरात आला आणि तो बहुतेक वेळ दुसऱ्याच कामाला लागला, हे आपल्यापैकी कुणीही नाकारणार नाही.

शिवाय त्या अभ्यासाचं तरी काय होतं? वर्गाच्या ग्रुपखेरीज मुलांचा स्वतःचा एक ग्रुप असतो, त्यात शिक्षक नसतात. एकाने सोडवलेल्या पानाचा फोटो तिथे पडतो आणि बाकीचे उतरवून घेतात. आता तर प्रश्नाचा फोटो काढून एआयला दिला की उत्तर पायऱ्यांसकट हजर. ते उत्तर वहीत उतरतं, वहीचा फोटो पुन्हा शाळेच्या ग्रुपवर जातो आणि शिक्षक त्यावर अंगठा दाखवतात. या सगळ्या फेऱ्यात त्या मुलाने स्वतः विचार कुठे केला? माझ्याकडे नववीत येणाऱ्या काही मुलांना बैजिक राशीचे अवयव पाडता येत नाहीत, पण त्यांचा गृहपाठ वर्षभर पूर्ण आहे.

कायद्यावर विसंबून राहावं म्हटलं, तर तेही आमच्या घरांत लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण फोन आईचा, सिम वडिलांच्या नावावर, खातं मोठ्या भावाने उघडून दिलेलं, तर वय तपासायचं कुणाचं? कंपनीच्या लेखी रात्री साडेअकराला रील बघणारी व्यक्ती चाळीस वर्षांची विडी कामगार असते. जिथे प्रत्येकाचा फोन वेगळा आहे, तिथे हे नियम कदाचित चालतील. एका फोनवर चालणाऱ्या घरात अडसर घालायचा तर तो मागणीलाच घालावा लागेल, आणि मागणीचं सगळ्यात मोठं, सगळ्यात प्रतिष्ठित कारण आपल्या शाळेतून निघतं.

आता मुलींबद्दल. हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो. मुलगा फोनवर बसला तर घरात आरडाओरडा होतो, दोन दिवसांनी सगळं पूर्ववत होतं. मुलीच्या बाबतीत तसं होत नाही. फोनवर एखादा नको तो मेसेज दिसला, एखाद्या अनोळखी पोराने "हाय" लिहिलेलं भावाने वाचलं, की फोन बंद. तिने उत्तर दिलं होतं की नव्हतं, हे कुणी विचारत नाही. आणि गृहपाठ फोनवर येत असल्यामुळे त्याच क्षणी तिचा गृहपाठही बंद होतो. दुसऱ्या दिवशी ती वर्गात उभी राहते, कारण सांगू शकत नाही. आठ-पंधरा दिवस असंच गेलं की घरात सूर निघतो, "शाळेच्या नावाखाली फोनच लागतो ना, मग कशाला शाळा?" शिक्षण आणि फोन यांची आपण जी गाठ मारली आहे, तिच्यामुळे फोनची शिक्षा शाळेला होते. गृहपाठ वहीत असता, तर फोन काढून घेतल्यावरही त्या मुलीची वही तिच्याजवळ राहिली असती.

झोपेचंही तेच. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळ मुळातच थोडं पुढे सरकलेलं असतं, लवकर झोप येत नाही. त्यात डोळ्यांसमोर उजळ पडदा आला की ती आणखी लांबते. आमच्या शहरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि बऱ्याचदा रात्री-अपरात्री येतं. पाण्यासाठी जागं राहायचं काम मुलांकडेच असतं, हातात फोन असतो. हे शाळेच्या हातात नाही, मान्य. पण रात्री नऊ-साडेनऊला ग्रुपवर "उद्या हे घेऊन या" असा मेसेज टाकणं शाळेच्या हातात आहे. तो एक मेसेज चुकू नये म्हणून मुलं झोपेपर्यंत फोन सोडत नाहीत, निदान आई-बापाला तसं सांगतात. सकाळच्या शाळेला सातला हजर झालेला मुलगा पहिल्या तासाला का पेंगतो, हे मग विचारायला नको.

एक विनंती इथेच करते. वर्गात, परिपाठात किंवा पालकांसमोर मुलांना सरसकट "मोबाईलचे व्यसनी" म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. पण त्यासाठी गेमवरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान होत असूनही खेळणं सुरूच राहणं, हे साधारण वर्षभर दिसावं लागतं. स्मार्टफोनचं व्यसन असा वेगळा आजार त्यात नाही. आपल्या वर्गातल्या बहुतेक मुलांना वाईट सवय लागली आहे आणि ती सुटू शकते. जी थोडी मुलं खरोखर हाताबाहेर गेली आहेत, जेवण-झोप-शाळा सोडून बसली आहेत, फोन काढून घेतला तर अंगावर येतात, त्यांच्या पालकांना शांतपणे बाजूला घेऊन टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक द्या. सरकारची सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आपल्या अडचणी मला कळतात. शिक्षकांवर ऑनलाइन माहिती भरण्याचं इतकं ओझं आहे की फळ्याचा फोटो टाकून मोकळं होणं सोपं जातं. झेरॉक्सला पैसे लागतात आणि ते कुणी देत नाही. गैरहजर मुलांना गृहपाठ कसा कळणार, हा प्रश्न आहे. काही पालक स्वतःच म्हणतात, "ग्रुपवर टाका, म्हणजे आम्हाला कळेल." आणि ही सवय कुणी हौसेने लावलेली नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आमच्याकडच्या कित्येकांनी हप्त्याने फोन घेतले ते त्या काळात, शाळेनेच सांगितलं म्हणून. पण ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले. मुलं वर्गात परत आली, गृहपाठ मात्र फोनमध्येच राहिला. संकटातली सोय संकट सरल्यावर बंद करायला हवी होती, ती कुणी बंद केली नाही.

शिक्षकांचाही यात फायदाच आहे. रात्री दहाला "सर, पान नंबर किती?" असे मेसेज येणार नाहीत. शाळा सुटली की शाळा खरोखर सुटेल.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आणले, ते पुढे राज्यभरच्या पुस्तकांत आले, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्याचा मला अभिमान आहे. पण त्या कोडमागे काय आहे हे शिक्षकाने ठरवलेलं असतं. धड्याशी जोडलेली एक ध्वनिफीत किंवा एक चित्रफीत, ती संपली की मूल पुन्हा पुस्तकाकडे येतं. शिक्षकाच्या देखरेखीखाली, ठरलेल्या कामापुरता पडदा वापरणं आणि घरात रात्री कुणाच्याही देखरेखीविना शंभर मेसेजच्या गर्दीत गृहपाठ सोडून देणं, या दोन गोष्टींची गल्लत करू नका. युनेस्कोनेही २०२३ च्या अहवालात हेच सांगितलं आहे की स्मार्टफोन शिकण्याला खरोखर मदत करत असेल तेवढाच शाळेत असावा.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद राहतो. सोलापूरला भोंगा नवा नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापड गिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर उठत होतं, जेवत होतं, झोपत होतं. आमच्या एखाद्या वसाहतीत किंवा एखाद्या पेठेत वडगावसारखं काही करायला लोक तयार होतील, मला खात्री आहे, कारण आया कंटाळल्या आहेत. पण सात वाजता भोंगा वाजला आणि मुलगा म्हणाला, "माझा गृहपाठ फोनवर आहे," तर पुढे काय करायचं? असा कुठलाही प्रयत्न पहिल्या संध्याकाळीच तिथे अडेल. म्हणून आधी शाळांनी पाऊल टाकायला हवं.

मैदानाचं एकच सांगते. आमच्या भागात घरातच माग किंवा घरातच विड्या, पोरांना पाय पसरायला जागा नाही. शाळेच्या मैदानाला संध्याकाळी साडेपाचला कुलूप लागतं. ते साडेसातपर्यंत उघडं ठेवता आलं तर ठेवा. फोनशिवाय जायला एक जागा तरी होईल.

मला नेमकं काय हवंय तेही लिहिते. शेवटच्या तासाची शेवटची दहा मिनिटं गृहपाठ लिहून घ्यायला ठेवा. सगळ्या विषयांचा मिळून गृहपाठ फळ्याच्या एका कोपऱ्यात असावा आणि प्रत्येक मुलाने तो वहीत लिहावा. गैरहजर मुलासाठी वर्गात एक सामायिक वही ठेवा, दुसऱ्या दिवशी तो उतरवून घेईल. एक दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. ग्रुप ठेवायचाच असेल तर तो फक्त पालकांसाठी ठेवा, त्यात मेसेज फक्त शाळेने टाकावा, संध्याकाळी सहानंतर काहीही येऊ नये आणि मुलाला वाचावंच लागेल असं तर त्यात काहीच असू नये. ज्या आईला वाचता येत नाही, तिच्यासाठी बोलून पाठवलेला मेसेज लिहिलेल्या मेसेजपेक्षा कितीतरी कामाचा आहे. आणि हे सगळं पालकसभेत तोंडी, स्पष्ट सांगा: "आमच्या शाळेच्या अभ्यासाला मोबाईल लागत नाही." हे वाक्य आपल्या तोंडून ऐकण्याची आमच्या भागातल्या आया वाट बघत आहेत. ते ऐकलं की "शाळेचं आलंय" म्हणणाऱ्या पोराला त्या घरी काय म्हणतील, ते त्यांना कुणी शिकवायला नको.

सगळ्या वर्गांना एकदम जमणार नसेल तर आठवीच्या एका तुकडीपासून सुरुवात करा आणि सहामाहीपर्यंत बघा. जी शाळा तयार होईल तिच्या त्या तुकडीची गृहपाठाची एक वही मी माझ्या शिकवणीत ठेवेन. शाळेला न आलेली मुलं संध्याकाळी येता-जाता उतरवून घेऊ शकतील, माझ्याकडे शिकत असोत वा नसोत. आमच्या भागातल्या शिकवणी घेणाऱ्या इतर शिक्षकांशीही मी बोलते आहे. सहा ते साडेआठ दार उघडं असतं.

आपली,
पूर्व भागातली एक शिकवणी शिक्षिका, सोलापूर